आबांची चाल

तीर्थरूप आबा,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, आणि चुलीपाशी आई मला म्हणाली, "पमा, तुना आबासनी चाल एक डाव करी दखाड." मी पळी खाली ठेवली. उद्या दाखवते म्हणाले. तो उद्या म्हणजे आज. म्हणून आधी तुम्हाला विचारायला बसले आहे.

सुरुवात कुणी केली, तुम्हीच आठवा. जळगावच्या कॉलेजात नाव घालताना तुम्ही बजावलं होतं, "पोरेसंगे नाटक कराना नही." मुलांबरोबर नाटक नाही, मी बरं म्हटलं. पण इंग्रजीचे सर दर रविवारी नाटकाचा वर्ग घ्यायचे आणि त्यात आम्ही चौघी मुली होतो. मग गॅदरिंगला मुलींचं नाटक वेगळं बसलं, आणि त्यातला म्हातारा बाप माझ्या वाट्याला आला. अट तुमची, मिशा मला!

सर सांगायचे, "बाप पुस्तकात शोधू नका. एक माणूस महिनाभर नीट बघा आणि तोच उभा करा." मला कुठे लांब जायचं होतं? सुट्टीत नरडाण्याला गाडीतून उतरलं की माझी वळकटी खांद्यावर घेऊन तुम्ही पुढे आणि मी मागे, थेट गावापर्यंत. तरुणपणी बैलगाडीच्या चाकाखाली आलेला डावा पाय बाहेर फेकत चालायचात. आठ-दहा पावलं झाली की थांबून मागे बघायचात, मी येते की नाही ते. होस्टेलच्या व्हरांड्यात मी हे सगळं घोटून घोटून बसवलं.

तुम्ही नाटकाला याल हे कुठे ठाऊक होतं? मला घरी न्यायला एक दिवस आधीच आलात आणि मागच्या बाकावर बसलात. मी चार पावलं टाकली, थांबून मागे बघितलं, आणि सगळा हॉल हसायला लागला. मग मी पाय आणखी फेकला. तेवढा फेकायला सरांनी सांगितलं नव्हतं, आबा. मला हशा गोड लागला.

काजळाच्या मिशा पुसत बाहेर आले तर तुम्ही दारात उभे. "बठ्ठं बराबर करं तू," एवढंच म्हणालात. सगळं बरोबर केलंस, हे मला बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. धुळ्याच्या शाळेत मास्तरीण झाल्यावर मी पोरींनाही ते मोठ्या तोऱ्यात सांगत आले.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याला उतरून गावाकडे निघालो तेव्हा म्हणालात, "तू म्होरे चाल." पुढे दर सुट्टीत तेच. मला वाटलं, लेक शिकली म्हणून मान देताहेत. किती शहाणी मी!

काल मी आईला म्हटलं, "तू तर त्यांची चाल रोजच बघत होतीस की."

"कोठे?" ती म्हणाली. "तुना नाटकपाईन त्या तशा चालनातच नहीत. पाय दाबीसन सरय चालेत. सांजले मी गुडघाले तेल चोये. पमाले सांगू नको, आसं म्हनेत."

त्या नाटकापासून पाच वर्षं, आबा. आईकडून तेल चोळून घेत, दुखऱ्या पायाने, सरळ. आणि मी पुढे चालत होते, एकदाही मागे वळून बघितलं नाही. लाज वाटली होती का तुम्हाला त्या हॉलमध्ये? मग रागावला का नाहीत? दोन शब्द ऐकवले असतेत तर मी पाय धरले असते. तुम्ही गप्प राहिलात, हे काही बरं केलं नाहीत.

आईची पाच वर्षं मी हिरावून घेतली. तिने पाहिलेली तुमची चाल आता फक्त माझ्या अंगात उरली आहे, आणि ती तिची तिला द्यायलाच हवी. संध्याकाळी अंगणात तिला चालून दाखवीन. हशासाठी वाढवलेलं सगळं काढून टाकीन. पाय तुम्ही फेकायचात तेवढाच फेकीन. आई पुरे म्हणेपर्यंत थांबणार नाही.

तुमची,
पमा