वखरलेल्या पट्टीतली बाटली

रामाकोना,
१० ऑक्टोबर १९८७

प्रिय प्रतिभा,

छोट्या रेल्वेनं नागपूरला निघालेल्या आपल्या गावच्या सुधाकरजवळ हे पत्र आणि दोन बाटल्या देते आहे. बाटल्या उघडण्याआधी पत्र वाच.

गाय व्यायली, गोऱ्हा झाला. संत्री उतरायला लागली आहेत. शेजारच्या देवकाबाईंना अजून तुझ्या डब्यांचं हसू येतं. तुपाचे रिकामे डबे तू वावरात पालथे रोवलेस, खाली कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची बशी ठेवलीस, तेव्हा त्या आळीभर सांगत सुटल्या होत्या, "पोरीनं शिकून वावरात सैपाक मांडला." मी तू शिकवलंस तसं सांगायची, की माती वायू सोडते, वखर फिरवून भुसभुशीत केली की जास्त सोडते, तो वर साठून जग तापतं, सुटलेला वायू सोड्याचं पाणी धरून ठेवतं, मग तो मोजता येतो. आळीतले रामाजी म्हणाले, "म्हंजे माती बिडी ओढून राहिली म्हना ना!" सगळे हसले. मीही हसले, तू समोर असताना.

एक पट्टी वखरायची, दुसरी दोन वर्षं तशीच ठेवून तिच्यात नुसती भोकं पाडून हरभरा टोबायचा, असं तुझं ठरलेलं. त्या दुसऱ्या पट्टीत तण माजलं की मी रस्त्यानं जाताना तिकडे बघायची नाही. तुझे बाबा होते तेव्हा आपल्या वावरात ढेकूळ सापडायचं नाही. आता दसरा होऊनही बिनवखरलेली जमीन म्हणजे या घरात गडीमाणूस उरला नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगणंच की.

मंगळवारी दादारावकाका बैल घेऊन आले. पांढुर्ण्याच्या बाजारात कुणीतरी त्यांना टोचलं होतं. म्हणाले, "वहिनी, लोकं मले विचारून राहिले, भाऊ गेला तं दिरानं हात झटकले काय? मी काय मेलो काय?" त्यांचे डोळे भरले होते. ही पट्टी प्रतिभाची आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणाले, "करा तुम्ही, चहा ठेवते." चुलीपाशी बसून बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत राहिले. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

बाहेर आले तर काकांनी तुझे डबे पुसून बांधावर ओळीनं मांडले होते.

संध्याकाळी मी ते परत रोवले. भुसभुशीत मातीत डबा हातानं सहज खाली गेला. सकाळी दोन्ही पट्ट्यांतल्या बशांचं पाणी दोन बाटल्यांत भरलं, बुचं लावली, आणि या पट्टीच्या बाटलीवर नेहमीसारखी 'न वखरलेली' अशी चिठ्ठी चिकटवली. तुला कोण सांगणार होतं?

पण फडताळ उघडलं की ती बाटली दिसायची. तू प्रयोगशाळेत तिचं पाणी मोजशील. आकडा भलताच वर गेलेला दिसेल. तू पुन्हा मोजशील, पुन्हा मोजशील, आणि चूक स्वतःच्या हातात शोधत बसशील. लहानपणापासून तू तेच करतेस. मीच तुला तशी केली असेन.

म्हणून हे पत्र. जुनी चिठ्ठी खरवडून नवी लावली आहे, 'दोन वर्षांनी वखरलेली, पहिली रात्र.' मोजायचं की मोरीत ओतायचं, ते तू ठरव. काकांना मात्र बोल लावू नकोस. ते मला विचारूनच जमिनीत उतरले होते. वखर वळताना टोकाला खाटेएवढी जागा तशीच सुटली आहे, अगदी रस्त्याला लागून. तिच्याभोवती मी बोरीच्या काट्या लावल्या आहेत. काल रामाजींनी हसून विचारलं, "आता हे काय वो?" मी म्हणाले, माझ्या पोरीचं वावर.

दिवाळीला ये, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरी वाट बघणारी,
तुझीच
आई