तेराव्या कलमाचं भाषांतर

बाबा, मराठीत एवढं लांब लिहायची सवय मोडली आहे. तुमच्या नातीला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देते, आणि ऑफिसात हिंदीवर भागायचं. भागायचं असं लिहितेय, कारण ती नोकरी गेल्या महिन्यात गेली. ती का गेली ते तुम्हाला सांगायचं आहे. सुरुवात तुमच्यापासून होते.

आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून तुम्ही माझ्याकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घ्यायचात, आणि ती झाली की मानवी हक्कांचा जाहीरनामा, एकेक कलम. तुम्ही शाळामास्तर. 'प्रतिष्ठा' हा शब्द मी घाईने उरकला की पुन्हा म्हणायला लावायचात. तुम्हाला लहानपणी वर्गाबाहेर बसवलं होतं, त्यामुळे त्या शब्दांवर तुमचा जीव का आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मागे आई भाकऱ्या थापत असायची. समता आणि बंधुता यांच्या मधे तुम्ही मान न वळवता तिच्याकडे चहा मागायचात. वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले तेव्हा शाईचं पेन घेऊन दिलंत आणि वस्तीभर सांगत फिरलात. बारावी झाल्यावर मी म्हटलं, नागपूरला जाऊन कायदा शिकायचाय. तोवर तुम्ही स्थळ बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, निवडायचा हक्क मला आहे, तुम्हीच शिकवलंत. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "ते देशाबद्दल आहे. घर म्हणजे देश नव्हे." आई भाकऱ्या थापत राहिली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

नवरा चांगला निघाला, पण त्याचं श्रेय मी तुम्हाला देत नाही. त्याच्या नोकरीमुळे बहारीनला आलो, मनामात नईम भागात भाड्याने राहिलो, आणि घरी बसून बी.कॉम. केल्यावर मला मआमीरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ऑफिसचं काम मिळालं. लोखंडाच्या टाक्या, पाइप बनवणारी कंपनी. मॅनेजर पुण्याचे, बोलायला गोड, संक्रांतीला आठवणीने तिळगूळ आणणारे. या वर्षी युरोपातल्या एका मोठ्या ग्राहकाचे लोक ऑडिटला येणार होते. त्यांच्या अटींमध्ये होतं की कामगारांना आपले हक्क ठाऊक असले पाहिजेत. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तो मानवी हक्कांचा जाहीरनामा असतो ना, तो लावून टाकू. इंग्रजी, अरबी मिळेल. हिंदी तुम्ही करा." तयार हिंदी प्रत कुठेतरी असणारच, मी शोधली नाही. मी घरी टेबलाशी बसले आणि एकेक कलम हिंदीत आणलं, वर्कशॉपमध्ये बोलतात तशा हिंदीत. तेराव्या कलमाशी थांबले. कुणालाही कुठलाही देश सोडून जाता येईल, आणि आपल्या देशात परत येता येईल. मी ते इतकं सोपं केलं, की वाचायला अडखळणाऱ्यालाही कळावं.

कळलं. पोस्टर लागलं त्याच आठवड्यात बिहारचा एक फिटर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हात नीट पुसून आला होता.

"मॅडम, ये सच में लिखा है, या आपने अपने मन से लिख दिया?"

"सच में लिखा है."

"तो मेरा पासपोर्ट दिलवा दीजिए. अम्मा अस्पताल में है. साहब छुट्टी नहीं दे रहे."

सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजरांच्या कपाटात असायचे. मी आत गेले. ते हसले. "अहो, ते ऑडिटसाठी लावलंय. शटडाउनचं, प्लांट बंद ठेवून करायचं काम डोक्यावर आहे. तेवढं होऊ दे, मग जाऊ दे त्याला. आणि पासपोर्ट त्यांनीच सही करून दिलेत, सुरक्षित राहावेत म्हणून. तो जाहीरनामा सरकारांसाठी असतो, कंपनीला काय त्याचं?" बाबा, मला तुमचा चष्मा पुसणारा हात दिसला. तेव्हा मी अठराची होते आणि तुमचं ऐकून लग्नाला उभी राहिले होते. या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरला घेऊन कामगारांच्या तक्रारी घेतात त्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बहारीनी बाईने ऐकून घेतलं, कंपनीला फोन लावला, अरबीत दोन-चार वाक्यं बोलली आणि मला इंग्रजीत म्हणाली, "पासपोर्ट त्याचा आहे, कंपनीचा नाही. आज देतील. खलास." इतकं सोपं होतं ते. दुपारी पासपोर्ट हातात आला तेव्हा फिटरने आधी आतला फोटो पाहिला, आपलाच आहे ना म्हणून.

ऑडिट छान पार पडलं. त्यानंतर मॅनेजरांनी मला बोलावून आवाज न चढवता सांगितलं, की कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही, ती पोस्टच काढतोय. बाहेर आले तर भिंतीवरून हिंदी पोस्टर गेलेलं. इंग्रजी आणि अरबी अजून आहेत. ती दोन्ही त्या वर्कशॉपमधल्या कामगारांना वाचता येत नाहीत. मी आता नवऱ्याच्या व्हिसावर राहते. म्हणजे पुन्हा घरात, जे देश नव्हे तिथे.

परवा फिटरचा फोन आला. तो पोचला तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. त्याने पहिल्यांदा रजा मागितली तेव्हाच साहेबांनी सोडलं असतं तर आई भेटली असती, हे तो बोलला नाही. उलट म्हणाला, "मेरे कारण आपकी नौकरी चली गई, मॅडम." मी म्हटलं, "ऐसा मत सोचो, ये तुम्हारा हक था." आवाज अगदी तुमच्यासारखा लागला, ठाम, एकेक शब्द सुटा.

हा कागद ड्रॉवरमध्येच राहील. तुम्ही गेलात तिथे पोचायची सोय असती तरी पाठवला नसता, कारण पुढचं तुम्हाला कळू नये असंच वाटतं. फोन ठेवला आणि माझ्या मनात आलं, ते कलम मी सरकारी हिंदीत लिहायला हवं होतं. कुणाला कळलं नसतं.