सासूबाईंच्या शेजारची सीट

रविवार, संध्याकाळ

आंघोळ केली तरी मळमळ जात नाहीये. सासूबाई साठीनंतर गाडी शिकल्या आणि आता हौशी चालकांच्या मुंबई-गोवा रॅलीत उतरणार आहेत. शेजारी बसून रस्ता सांगायचं काम माझं. आज सरावाला नायगावहून खोपोलीच्या घाटात गेलो. नकाशात मान घातली आणि मला उलटी झाली. दोनदा. माझा उपयोग तरी काय?

"आई, तुम्ही निखिलला न्या," मी म्हटलं. शेवटी मुलगा आहे त्यांचा.

"तो माझ्यार वरडता. माका बाजूक तूच व्हयी. तू ओक गो, मी गाडी थांबयतंय."

"अशाने आपण हरू."

"हरूया," म्हणत त्यांनी ओढणीने माझं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली. "आता खंय वळू, सांग."