दुपारच्या सत्रातली सही

शनिवार, २८ जून

मास्तर,
नमस्कार.

गुरुवारी, २६ जूनला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौकशी समितीसमोर मान खाली घालून तुम्ही म्हणालात, "माझ्याच शिकवण्यात काही राहिलं असेल." या वाक्याबद्दल माझी तुमच्याविरुद्ध तक्रार आहे.

तुमचा रक्तदाब ठीक असावा. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. विमानाच्या अपघातानंतर माझा भाचा आता कुबड्यांवर चालतो, आणि फवारणीचं विमान वरून गेलं की खिडकी लावून घेतो.

बावीस वर्षं मी फवारणी-वैमानिकांच्या त्या प्रशिक्षण केंद्राची कचेरी सांभाळली. तुमचा विजेच्या तारांचा तास मला पाठ आहे. पिकावर तीन मीटरवरून उडताना तार दिसत नाही, खांब दिसतात. म्हणून आधी वरून शेताला फेरी मारा, खांब कागदावर काढा. एकच खांब दिसला, तर त्याची तार कुठे जाते ते कळल्याशिवाय खाली उतरू नका. दरवर्षी तेच विनोद, फळ्यावर तेच वाकडं विमान. आणि तुम्ही म्हणता, राहिलं असेल! एवढा साळसूदपणा कुणासाठी?

भाचा समितीपुढे खोटं बोलला नाही. "एकट्या खांबाबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं," हे खरंच आहे. बांधावरचा खांब त्याला दिसला होता. पंपाकडे गेलेली तार विमानात अडकली तेव्हाच कळली. मग अध्यक्षांनी मार्चमधल्या प्रशिक्षणाचा हजेरीपट तुमच्यापुढे सरकवला. दुपारच्या सत्रात त्याची सही होती. तुम्ही चष्मा लावलात, सही पाहिलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि कागद परत दिलात.

मी त्याच्या शेजारीच बसले होते. पर्सचा चाप उघडत-मिटत राहिले. उठले नाही.

भाच्याची सही म्हणजे चिरडलेला कोळी. त्या रकान्यातली अक्षरं उजवीकडे झुकलेली, गोल, एकसारखी. कॉन्व्हेंट शाळेतल्या ननांनी बोटांवर पट्टी मारून घडवलेलं ते वळण केंद्राच्या प्रत्येक फायलीवर तुम्ही पाहिलंय.

११ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. निवृत्त झाले तरी प्रशिक्षणाच्या दिवशी दारातलं टेबल माझंच. सकाळी सात मिनिटं उशिरा आलेल्या एका म्हाताऱ्या वैमानिकाकडून मी कारण लेखी घेतलं होतं. जेवणानंतर भाचा कानाशी वाकला. "मावशी, नवं हेल्मेट घ्यायचंय, दुकान चारला बंद होतं. सुरक्षेसाठीच जातोय ना! तेवढी सही टाक."

"पळ, गधड्या," म्हणाले. हसलेसुद्धा. आणि टाकली.

वर्गाचं दार उघडं होतं. तुम्ही एकट्या खांबाबद्दल बोलत होतात. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

येत्या शुक्रवारी समितीच्या अहवालावर सह्या होतील आणि तुमचा शिकवण्याचा परवाना जाईल. मी एकटीनं कबूल केलं, तर जुन्या सहकाऱ्याला वाचवायला म्हातारी खोटं बोलतेय म्हणतील. म्हणून ती सही माझी असल्याचं तुम्ही ओळखलंत, हे मला लेखी हवं. भाच्याला मी आज सकाळी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मी सोबत येतो." तुमच्या उपकाराची मला गरज नाही. तो सोसवतही नाही.

उत्तर गुरुवारी, ३ जुलैला, संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. फोन करू नका, मी उचलणार नाही.

खालची सही माझी आहे. हजेरीपटाशी ताडून पाहा.

तुमची अपराधी,
दारातल्या टेबलावरची बाई