पितृपक्षातल्या गाड्या

१० ऑगस्ट २०२५, रविवार

यंदाच्या स्पर्धेला परीक्षक कोण? विषय निघाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. साताऱ्यात ऋषिराजच्या दुकानामागे बसलो होतो, नऊ-दहा जण. खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारे आम्ही सातारा-सांगली मिळून तेवीस. सगळ्यांचं म्हणणं एकच – यंदाही तुम्हीच बसा, तुमची नजर बारीक आहे.

बारीक! शिरवळच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सुटे भाग तपासतोय. केसाएवढा फरक दिसला की बाजूला काढायचा. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत जोतीरामच्या ट्रकलाही तसंच केलं. डावा दरवाजा बाकीच्या रंगाशी जुळत नव्हता. सहा मार्क कापले. तो चौथा आला. ट्रक टॉवेलात गुंडाळून, चहा न घेता निघून गेला.

त्या दिवशी घरी येताना एसटीत आठवलं. ही ज्याची प्रतिकृती, तो खरा ट्रक जोतीराम फौजेत अकरा वर्षं चालवायचा. डावा दरवाजा तिकडे बर्फात मोडला, दुसऱ्या गाडीचा काढून बसवला, रंग मिळालाच नाही. हे त्यानेच मला सांगितलं होतं. दोनदा!

तेव्हापासून फोन उचलत नाही. वर्ष होत आलं. वीस वर्षांची दोस्ती.

मी परीक्षक होणार नाही म्हणून सांगितलं. लोणंदला घरी पोचेपर्यंत अंगातलं त्राण गेलं होतं.

११ ऑगस्ट

बायको, राजेश्वरी, म्हणाली, "कारखान्यात माल नापास करता ते करा. माणसं कशाला नापास करता?" जेवलो आणि आडवा झालो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन उरकून जोतीरामला फोन. अंजनावहिनींनी उचलला. "ते मळ्यात गेल्यात. आल्यावर सांगते." मागून पत्रा ठोकण्याचा आवाज येत होता. मळा घरापासून दोन किलोमीटर आहे. मला कळत नाही असं वाटतं का त्यांना?

१७ ऑगस्ट, रविवार

ऋषिराज आणि आम्ही चार-पाच जण कडेगावला गेलो. यंदाची स्पर्धा तिथेच घ्यायची असं मीच रेटलं. जोतीरामचं गाव. लांब पडतं ही सबब तरी राहणार नाही. त्याच्या घरावरून गेलो, पण आत जायचा धीर झाला नाही.

मंगल कार्यालयवाले नानासो म्हणाले, "लगीनसराईत तारीख न्हाई आवं. पितृपक्षात मोकळं हाय, चालंल का?"

ऋषिराज हबकलाच. तो दर वर्षीचा पहिला. "पितृपक्षात उद्घाटन कोण करणार? फीत कापायला पाहुणा येईल का? बक्षीस कुणाच्या हस्ते द्यायचं?"

माझं डोकं दुखत होतं. म्हटलं, मग उद्घाटन नको. पाहुणा नको. बक्षीसही नको, नंबरच नको! गाड्या मांडू, बघू, चहा पिऊ, घरी जाऊ.

"मग यायचं कशाला?" ऋषिराज म्हणाला.

अपेक्षा मध्येच बोलली. सांगलीला बँकेत आहे, तीन वर्षं नुसती बघायला येते. "नंबर नसेल तर मी आणते. कपाटात सहा गाड्या आहेत. तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या. तुमच्या भिंगाखाली ठेवायची भीती वाटायची, काका."

माझी भीती! एवढी पोरगी, आणि तीन वर्षं.

ठरलं. चौदा सप्टेंबर. मोठा विचार वगैरे काही नव्हता. हॉल मोकळा होता आणि मी दमलो होतो.

१९ ऑगस्ट

जोतीरामला पत्र टाकलं. दरवाज्याचं माझं चुकलं, असं स्पष्ट लिहिलं. खाली लिहिलं – यंदा परीक्षक नाही, मार्क नाहीत, नंबर नाही. आता तरी ये. हे सगळं तू यावास म्हणून चाललंय, हे मात्र लिहिलं नाही.

३१ ऑगस्ट

उत्तर नाही. पाठ धरली आहे.

७ सप्टेंबर, रविवार

अकरा जण येणार. ऋषिराजचं अजून "बघू". लोकांना सांगून सांगून तोंड दुखलं. रांगोळीला नंबर, लेझीमला नंबर, बैलांना नंबर – आमच्याकडे नंबर नसला की लोकांना वाटतं, काहीतरी रद्द झालंय.

१३ सप्टेंबर

कडेगावला मुक्काम. टेबलं लावली. संध्याकाळी नानासो टेम्पोतून हातभर उंचीची ढाल घेऊन उतरले! "आमच्या आईच्या नावानं. पयल्याला द्या."

नंबर नाही म्हणून चार वेळा सांगितलं होतं. "आवं, ते स्पर्धेचं. पर पयला तर कुनीतरी असंलच की!"

पाऊण तास समजावलं. एवढी माणसं बोलवून रिकाम्या हातानं धाडायची म्हणजे गावात नाचक्की, हे त्यांचं म्हणणं. शेवटी म्हटलं, आईच्या नावानं सगळ्यांना जेवू घाला, पंधरवडा तोच आहे. हे मात्र त्यांना लगेच पटलं. ढाल परत टेम्पोत.

१४ सप्टेंबर, रविवार

एकोणीस जण आले! गाड्या त्रेसष्ट.

गावातले लोक आत आले की पहिला प्रश्न – "ह्यातली पयली कुठली?" पहिली नाही म्हटलं की बावचळायचे. मग मागे फिरून पुन्हा पहिल्या टेबलापासून एकेक गाडी बघायचे. गेल्या वर्षी ऋषिराजच्या गाडीपाशी गर्दी आणि बाकी टेबलं ओस, असं होतं.

कार्यालय झाडणाऱ्या बयाबाई उसाच्या ट्रॅक्टरपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या. "म्होरली ट्रॉली अशी भरली तर चढाला उलटंल की रं!" बनवणाऱ्याने तिथल्या तिथे कांड्या काढून त्यांच्याकडून नीट रचून घेतल्या. ऋषिराज आला. दुपारी त्याने त्याच्या गाडीचं टप उचकटून अपेक्षाला रंग कसा देतात ते दाखवलं. पूर्वी आम्हाला जवळ फिरकू द्यायचा नाही. आमटी-भात, खीर. कोणी रुसलं नाही. पुढच्या वर्षी असंच, हे जेवतानाच ठरून गेलं.

सगळे मला शाबासकी देत होते. मला लाज वाटत होती. दाराजवळचं टेबल मी जोतीरामसाठी मोकळं ठेवलं होतं. सहापर्यंत दाराकडे बघून मान अवघडली. त्याचं घर तिथून चार मिनिटांवर.

आला नाही. संपलं म्हणायचं.

१६ सप्टेंबर

कामावर. बोलावंसं वाटत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी दारात जोतीराम! हातात खोका. "पाणी दे गड्या" म्हणाला. जसा कालच भेटलेला. मी माफी मागायला लागलो. "ते ऱ्हाऊ दे," म्हणून खोका उघडला. जीप. माझ्या अंगावर काटा आला, इतकी सुंदर.

म्हटलं, मग गेल्या रविवारी का नाही आणलीस?

"नंबर न्हाई तर कशाला आनू रं? वरीसभर फोन उचलला न्हाई, मळ्यात गेलो न्हाई, ही एकच घासतूय. तुझ्या हातनं पयला नंबर घ्यायचा म्हनून! आन् तू स्पर्धाच मोडलीस!"

त्याच्यासाठी सगळं केलं आणि दुसऱ्यांदा त्याचाच नंबर घालवला.

"भिंग आन. मार्क घाल. दयामाया न्हाई."

पन्नासपैकी सेहेचाळीस दिले.

"चार कुठं गेलं?"

त्या चार मार्कांवरून दोन तास भांडलो. तो जेवून गेला.