वरणाचं वाक्य

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१८ जानेवारी २०२६

प्रिय अक्षया,

नोएडातही असंच धुकं असेल. इथे सकाळपासून समोरची बिल्डिंग दिसलेली नाही, तिच्या गॅलरीतले कपडे तेवढे हवेत तरंगताहेत. मी बरी आहे. गुडघाही बरा आहे. फोनवर बोलायला लागले की माझं भाषण होतं असं तू म्हणतेस, म्हणून लिहिते आहे.

माझ्या भाषणांचं पुस्तक करायचं तू मनावर घेतलंस. परवा म्हणालीस, "आई, वरणाचं वाक्य प्रत्येक भाषणात आहे, यार! डुप्लिकेट सगळे काढले, पहिलं तेवढं ठेवलं." मी म्हटलं, "बिल्कुल, काढ." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले.

"मी इथे बोलते आहे, तेव्हा आमच्या घरी वरणाला फोडणी पडते आहे, आणि ती मी घातलेली नाही." बायका आधी हसायच्या, मग ऐकायच्या.

तूच मला समजावलं होतंस. भाषणांच्या एक्सएमएल फायली केल्यास, परिच्छेदांना खुणा लावल्यास. 'विनोद' आणि 'कुटुंब' या दोन्ही खुणांचं सगळं मागितलं, तर एकाच सभेतलं वरण दोनदा हाती येतं. तो एकच नोड, म्हणजे फायलीतली एकच जागा, दोन वाटांनी आलेली. त्यातला एक जरूर गाळ. पण मुनिरकाच्या सभेतलं वाक्य आणि रोहतकच्या सभेतलं वाक्य हे दोन नोड आहेत. अक्षरं तीच, जागा वेगळी. तू फक्त अक्षरं ताडून पाहिलीस. बाबा रोज सारखंच वरण करायचे, म्हणून ते एकदाच केलं असं धरलं असतं, तर आपण दोघी उपाशी मेलो असतो!

इथवर मी टेबलावर मूठ आपटून सांगू शकते. पुढचं तसं सांगता येत नाही.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला पानिपतच्या मराठी बायकांच्या मेळाव्यात मी बोलले. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तूच गाडी चालवत मला घेऊन गेलीस. आणि मी ते वाक्य म्हटलं. मंडपात हशा झाला. तू उठून बाहेर गेलीस, ते मला व्यासपीठावरून दिसलं. परतताना तू अवाक्षर काढलं नाहीस. त्या वाक्याबद्दल आजपर्यंत नाही.

तुला वाटलं असेल, आईला टाळ्यांची सवय. अगं, वाक्य तोंडातून निघालं आणि मला जिऱ्याचा वास आला. थोडं करपलेलं, त्यांचं नेहमी करपायचं तसं. बायका हसत होत्या तेवढा वेळ ते घरी होते. ओट्याशी, चष्म्यावर वाफ धरलेली. हशा ओसरू नये म्हणून मी पुढचं वाक्य उशिरा उचललं. परतताना हायवेवर धुक्यात दिवे विरघळत होते, आणि मला वाटत होतं, कुणी काही बोलत नाही तोवर डाळ शिजत राहील. म्हणून मीही बोलले नाही.

आता माझं ऐक. एकच ठेवायचं असेल, तर पहिलं नको, पानिपतचं ठेव. बाकीच्या सगळ्या सभांत ते खरं होतं. खऱ्याच्या साक्षीला तू आहेस, ते वरण तू खाल्लंयस. खरं बोला म्हणून मी जन्मभर ओरडत आले, आणि व्यासपीठावरून जाणूनबुजून बोललेलं हे एकच खोटं. ते छापलं जायला हवं. खाली गाव आणि तारीख घाल. टीप नको, खुलासा नको. बाबा गेल्याची तारीख अर्पणपत्रिकेत आहेच. ज्याला जुळवून पाहायचं तो पाहील.

आधी तू पाहा.

तुझी,
त्या हशापुरती एकटी नसलेली
आई