नॉर्वलची सोळा बोअर

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

प्रिय क्लेटन,

तू आणि मॉरीन बरे असाल. मीही ठीक आहे. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेली मांस-बटाट्याची हॉटडिश अजून फ्रीजरमध्ये आहे, त्यामुळे स्वयंपाकाचा प्रश्न नाही. तळ्याच्या काठाने बर्फ धरलंय. मधलं पाणी अजून उघडं आहे.

तुझी चिठ्ठी पोहोचली. फायरप्लेससाठी लाकडं टाकून जाईन म्हणालास, त्याबद्दल आभार. पण लाकडं पुरेशी आहेत. चिठ्ठीच्या शेवटी तू पुन्हा बंदुकीचं विचारलंयस.

पहिल्यांदा तू नॉर्वलच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात विचारलंस. हातात कॉफीचा कप होता तुझ्या. "आर्डिस, ती बंदूक घरात नको ठेवूस गं. उगाच डोळ्यांसमोर राहील. मी आजच घेऊन जातो." तुला माझी काळजी आहे असंच मला तेव्हा वाटलं. नंतर मी बहिणीकडे गेले असताना तू येऊन गेलास आणि शेजारच्या इडाला विचारलंस, तळघराची किल्ली तिच्याकडे असते का. इडाने मला लगेच सांगितलं. तुला माहीत आहे ती कशी आहे.

आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. गेलेल्याची बंदूक त्याच्या शिकारीतल्या जोडीदाराकडे जाते, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी तो तिच्यातून एक बार काढतो. नॉर्वलनेही गस ब्रेकेसाठी हे केलं होतं. पण त्याने गसच्या बायकोकडे बंदूक मागितली नव्हती. वसंतात तिनेच ती आणून दिली. पुढचा हंगाम ऑक्टोबरात आहे, क्लेटन. तुला एवढी घाई कसली?

शेरीफच्या माणसाने बंदूक पोत्यात गुंडाळून आणून दिली तेव्हा तो माझ्याकडे बघतही नव्हता. मी ती तळघरात नॉर्वलच्या कामाच्या बाकावर ठेवली आणि बरेच दिवस पोतं उघडलं नाही. मग वाटलं, पाण्यातून निघालेली आहे, तेल लावायला हवं, नाहीतर नॉर्वल ओरडला असता. दस्त्यावर त्याने कोरलेली ओकची पानं ओलाव्याने फुगली आहेत. आणि बंदुकीच्या बाजूच्या खिडकीत, जिथून रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं तिथे, एक जांभळं प्लास्टिकचं काडतूस आडवं अडकलेलं आहे. उडालेलं. तोंड उघडलेलं.

त्या बाकाशी मी किती हिवाळे बसले असेन. तो लांब काडतुसं कापून आखूड करायचा, भरायचा, तोंड वळवून बंद करायचा. मी डबीत रचायचे. ही सोळा बोअरची बंदूक त्याच्या वडिलांच्या वेळची. तिच्यातलं काडतुसाचं घर अडीच इंचांहून जेमतेम मोठं, आणि हल्ली दुकानात मिळतात ती पावणेतीन इंचांची. "आर्डिस, इथेच लोक फसतात," असं तो दर हिवाळ्यात सांगायचा, जणू पहिल्यांदाच सांगतोय. "बंद काडतूस घालून बघतात. बसतं. खूश होतात. अरे बाबा, पावणेतीन ही उडाल्यावरची लांबी! तोंड उघडलं की ते जाणार कुठे?" मी म्हणायचे, मला कशाला सांगतोस, मी काय बदकं मारायला निघालेय? तर म्हणायचा, "तुला सांगितलं की मी विसरत नाही."

त्या दिवशीची त्याची डबी इथेच बाकावर आहे. भरलेली.

त्या सकाळी मी थर्मास भरत होते आणि तुम्ही दोघं मागच्या दारात होतात. तू त्याच्या बंदुकीवर थाप मारून म्हणालास, "ती म्हाताऱ्याची डबी राहू दे घरी. आता तुझी बाई सगळं खाते. मी नवी पेटी आणलीय." आणि नॉर्वल म्हणाला, "सगळं खाते? मग तुझ्या मॉरीनचा मीटलोफ पण घालून बघू." हसत गेलात दोघं.

'आता' सगळं खाते, म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याच्या साठीची भेट म्हणून तू बंदूक दुरुस्तीला नेली होतीस, एवढंच माहीत होतं. मला वाटलं दस्त्याला रबर बसवलंय.

मंगळवारी मी विनोनाला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या पावलिचेककडे जाऊन आले. बंदूक नेली नाही, नुसतं विचारलं. त्याला तू आठवतोस. तो म्हणाला, "बाई, काडतुसाचं घर मी लांब करून दिलं. पण खिडकी जुनीच होती. तीही कापायला हवी, नाहीतर लांब काडतूस उडाल्यावर बाहेर पडणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वाढदिवस तोंडावर आलाय, खिडकीचं हंगामानंतर बघू." मी विचारलं, तोवर आखूडच वापरा असं सांगितलंत का? म्हणाला, "दोनदा." मग त्याने मला बसायला खुर्ची दिली.

शेरीफला तू सांगितलंस की नॉर्वल जखमी बदकामागे छोटी होडी घेऊन गेला, तू काठावरच्या आडोशात कुत्र्याजवळ होतास, आणि तो बार टाकायला उभा राहिला म्हणून होडी कलंडली आणि तो बुडाला. मीही आधी तेच धरून बसले होते. पण बार आधीच निघाला होता, क्लेटन. बंदूक अडकलेली होती. अडकलेली बंदूक घेऊन कोणी बदकावर नेम धरायला उभं राहत नाही. तो उभा राहिला असेल तर दस्ता मांडीवर टेकवून, पुढची मूठ जोराने मागे ओढून ते काडतूस बाहेर काढायला. ते तुला काठावरून दिसलं असणार. सकाळ स्वच्छ होती.

तू मुद्दाम काही केलंस असं मला वाटत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचून मगच तसं ठेवलंय, म्हणजे तूही ते तसंच वाचशील. पण तू भेट दिलीस, अर्धी दिलीस, आणि अर्धी आहे हे त्याला सांगितलं नाहीस. आणि आता ते काडतूस कोणाच्या नजरेला पडायच्या आत तुला बंदूक हवी आहे. मी चुकत असेन तर सांग.

मी शेरीफकडे जाणार नाही. त्याने नॉर्वल परत येत नाही, आणि मॉरीनने माझं काही वाईट केलेलं नाही. काडतूस मी काढलेलं नाही. बंदूक तुला मिळेल, रीत मी मोडणार नाही. पण त्याआधी माझं एक काम आहे तुझ्याकडे.

नॉर्वल अडकलेल्या वस्तूला गप्प बसून हात लावणारा माणूस नव्हता. बरणीचं झाकण निघालं नाही तरी तो त्याच्याशी भांडायचा. होडीतून तो तुला ओरडून काहीतरी बोललाच असेल. शिवी असेल, थट्टा असेल, "तुझी नवी पेटी घाल चुलीत" असं असेल. तू शेरीफला म्हणालास, तो काहीच बोलला नाही. मी त्या माणसाबरोबर पस्तीस वर्षं काढली आहेत.

शनिवारी दुपारी ये. मॉरीनला आणू नकोस. कॉफी करून ठेवीन. समोर बस आणि तो काय बोलला ते जसंच्या तसं सांग, वाईट असलं तरी. ते शब्द तुझे नाहीत, क्लेटन. ते माझ्या घरचे आहेत आणि इतके दिवस तुझ्याकडे राहिले आहेत.

तुझी वाट बघणारी,
नॉर्वलची आर्डिस